जुन्या होमबिल्ट विमानाचे ब्रेक: नागपुरात बसून कोणता भाग कुठून मिळवायचा

बरीच वर्षं शेडमध्ये उभं राहिलेलं होमबिल्ट, म्हणजे कारखान्याबाहेर हौसेने बांधलेलं, विमान दुरुस्तीला काढलं की सगळ्यांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. पण इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं तर विमान जागेवर धरून ठेवावं लागतं, आणि तिथे ब्रेकच लागतात. शिवाय ब्रेकचे काही भाग परदेशातूनच येतात आणि त्यात आठवडे जातात. म्हणून ब्रेकची यादी कामाच्या सुरुवातीलाच तयार करा आणि मागणी लवकर नोंदवा. वेळ वाचवायला इतवारीच्या बाजारातून मिळेल ते आणून बसवण्याचा मोह इथूनच सुरू होतो. बाजारातलं काय चालतं, काय नाही आणि का नाही, हे एकदा नीट समजून घेतलं की हा मोह राहत नाही.

आधी ओळख पटवा

होमबिल्ट विमानाला कारखान्याचं पार्ट्स कॅटलॉग नसतं. नकाशात एक ब्रेक दाखवलेला असतो आणि बांधणाऱ्याने त्याला मिळाला तो बसवलेला असतो. एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन विमानांचे ब्रेक वेगळे निघतात. त्यामुळे विमानाचं मॉडेल सांगून भाग मागवू नका. चाक आणि कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) साफ करून त्यावरचे आकडे वाचा.

सर्वांत जास्त सापडतात ते क्लीव्हलँड कंपनीचे. त्यांच्या आकड्यांची रीत सोपी आहे: चाक ४०- ने सुरू होतं, ब्रेक ३०- ने, डिस्क १६४- ने, लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) ६६- ने, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा) १०- ने आणि जुन्याच्या जागी नवा पूर्ण संच हवा असेल तर १९९- ने. ५.००-५ मापाच्या टायरच्या हलक्या विमानांवर ३०-९ हा कॅलिपर खूप दिसतो. त्याला ६६-१०५ लायनिंग लागतं. थोड्या जड विमानांवर ६६-१०६ असतं. दोन्ही दिसायला सारखी असल्यामुळे डोळ्यांनी ठरवू नका. कॅलिपरचा आकडा वाचून त्यावरूनच लायनिंग ठरवा.

मॅटको किंवा ग्रोव्हचे ब्रेक असतील तर काळजी कमी, दोन्ही कंपन्या अमेरिकेत आहेत आणि सुटे भाग विकतात. अवघड होतं ते गुडइयरचे जुने डिस्क ब्रेक, रोझेनहानची छोटी चाकं, एअरहार्टचे गो-कार्टचे कॅलिपर आणि तारेवर चालणारे ड्रम ब्रेक यांच्या बाबतीत. यातल्या एखाद्या क्लिपसाठी किंवा शूसाठी वर्षभर शोधत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंची चाकं, डिस्क आणि कॅलिपर एकत्र बदललेले बरे. खर्च एकदम होतो, पण पुढची वीस वर्षं भाग मिळत राहतात. मात्र एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा ब्रेक ठेवू नका, विमान एकीकडे ओढेल.

ब्रेकची जातच बदलणार असाल तर विमानाच्या उड्डाण परवान्याच्या कागदांत काय नोंदलं आहे ते पाहा आणि बदल आधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संबंधित कार्यालयाला लिहून विचारा. नग आणल्यावर विचारून उपयोग नसतो.

उघडताना

चाक दोन भागांचं असतं आणि ते बोल्टांनी जोडलेलं असतं. ते बोल्ट सैल करण्याआधी टायरची हवा पूर्ण सोडा आणि व्हॉल्व्हची पिन बाहेर काढा. आत हवा असताना बोल्ट सुटले तर दोन्ही भाग उडतात आणि समोरच्या माणसाला गंभीर इजा होते.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेकवरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मग मोजमाप. क्लीव्हलँडचं लायनिंग ०.१०० इंचापर्यंत, म्हणजे २.५४ मिमीपर्यंत, झिजलं की ते बदलावंच लागतं. वीस वर्षं उभ्या विमानात जाड लायनिंगही तेलाने भिजलेलं किंवा काठाने सुटलेलं असू शकतं. तेलाने भिजलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन परत वापरायची सवय गॅरेजमध्ये असते, ती इथे सोडा. तेल आत मुरलेलं असतं आणि गरम झालं की बाहेर येतं.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. व्हर्नियरची टोकं काठावरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी खोटी जास्त दिसते. किमान जाडी डिस्कच्या आकड्याप्रमाणे बदलते, ती कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या तक्त्यात असते. दुसऱ्या डिस्कचा आकडा आपल्या डिस्कला लावू नका. डिस्कवर पोलादी पट्टी आडवी धरून ती बशीसारखी वाकली आहे का तेही पाहा. ०.०१५ इंचाहून (०.३८ मिमी) जास्त बाक असेल तर डिस्क बदला. एखादा सुटा ओरखडा ०.०३० इंचापर्यंत (०.७६ मिमी) खोल असला तरी चालतो. सगळा पृष्ठभागच खाचांनी भरला असेल तर नवं लायनिंग लवकर संपेल. नुसता पावसाळी गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. खड्डे पडले असतील तर निघत नाही. अशी डिस्क लेथवर घासून पातळ करण्याआधी तक्ता बघा, बहुतेक वेळा जाडी किमान मर्यादेखाली जाते. आणि एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेट कापून नवी डिस्क करून घेऊ नका. त्या पोलादाचं कठीणपण, सपाटपणा आणि उष्णतेत ते किती वाकतं याचा काहीच भरवसा नसतो.

कॅलिपर दोन अँकर पिनांवर सरकत असतो. पिन गंजून अडकल्या की एकच लायनिंग झिजतं. दोन लायनिंगांच्या जाडीत मोठा फरक दिसला तर लायनिंगला दोष देण्याआधी पिना तपासा. त्यांना ग्रीस लावू नका, धूळ धरते. कोरडं सिलिकॉन स्प्रे पुरे.

तेल आणि रबर: सर्वांत जास्त चुका इथेच होतात

हलक्या विमानांच्या बहुतेक ब्रेकमध्ये मिल-एच-५६०६ जातीचं लाल खनिज तेल असतं. एअरोशेल फ्लुइड ४१ हे त्यातलंच. वायुदलाच्या भाषेत हेच ओएम-१५, आणि नाटोच्या यादीत एच-५१५. त्याला नायट्राइल रबराच्या ओ-रिंग लागतात.

मोटारीत डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि त्याला ईपीडीएम रबर लागतं. दोन्ही तेलांचं रबर उलट आहे. डॉट ४ च्या व्यवस्थेत लाल तेल घातलं तर ईपीडीएम फुगतं, पिस्टन अडकतो आणि ब्रेक सुटत नाही. नायट्राइल रबर डॉट ४ मध्ये खराब होऊन गळू लागतं. हे पाच मिनिटांत कळत नाही. रबर काही दिवसांत बदलतं आणि तोवर विमान उडून आलेलं असतं.

विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीशी ओळख असलेल्यांकडून कधी जांभळं हायड्रॉलिक तेल देऊ केलं जातं. ते स्कायड्रोल जातीचं फॉस्फेट एस्टर असतं. नायट्राइल रबराला ते चालत नाही, रंगही उतरवतं. कितीही चांगलं असलं तरी आपल्या विमानात ते घालायचं नाही.

विमानात आधी कोणतं तेल होतं हे माहीत नसेल तर रंगावर विश्वास ठेवू नका, लाल तेल जुनं झालं की तपकिरी पडतं. थोडं तेल पाण्यात टाका. ग्लायकॉलचं तेल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं. तेल कोणतंही निघो, सगळ्या ओ-रिंग आणि लवचिक होज बदला. आधीच्या मालकाने मोटारीचा रबरी ब्रेक होज लावलेला असेल तर तोही काढा. त्याच्या आतलं अस्तर ग्लायकॉलसाठीचं असतं, लाल तेलात ते फुगून वाट बंद करतं. मग पेडल दाबल्यावर ब्रेक लागतो, पण सोडल्यावर सुटत नाही.

५६०६ च्या जागी ८३२८२ हे कृत्रिम तेल वापरता येतं, रबर तेच चालतं. ५६०६ चा पेट घेण्याचा किमान बिंदू मानकानुसार ८२ अंश सेल्सिअस आहे, ८३२८२ चा २०५ अंश. गरम डिस्कवर तेल गळण्याचा धोका लक्षात घेतला तर थोडे जास्त पैसे देऊन दुसरं घ्यावं.

नागपुरात काय घ्यावं

भोवताली कोळसा खाणी असल्यामुळे नागपुरात हायड्रॉलिक सील आणि होजच्या दुकानांना तोटा नाही. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या आसपास चांगली यंत्रशाळाही मिळते. त्याचा उपयोग करा, पण नेमका.

बेअरिंग इथेच घ्या. ५.००-५ च्या क्लीव्हलँड चाकात सव्वा इंची अ‍ॅक्सल असेल तर सहसा टिमकेनचं ०८१२५ कोन आणि ०८२३१ कप असतं. दीड इंची अ‍ॅक्सलला १३८८९ आणि १३८३६. आकडा बेअरिंगच्या तोंडावर कोरलेला असतो, तो वाचून न्या. कोन आणि कप एकाच जोडीचे घ्या आणि नग खोक्यात सीलबंद असावा. दुकानदार ‘अगदी तसंच, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणाला तरी विमानाच्या चाकात ते नको.

चाकातल्या ग्रीस सीलच्या आतल्या नमद्याच्या कड्या इथे कापून घेता येतात. जुनी कडी नमुना म्हणून द्या आणि जाडी तीच ठेवा. बसवण्याआधी एसएई १० तेलात हलकं भिजवा. ग्रीस मात्र जुन्यात नवं मिसळू नका. मातीवर आधारलेलं विमानी ग्रीस आणि बाजारातलं लिथियम ग्रीस एकत्र झालं की पातळ होऊन वाहतं. बेअरिंग पूर्ण धुऊन कोरडं करा, मग एकाच जातीचं ग्रीस भरा.

ओ-रिंगबद्दल थोडं थांबू. ३०-९ कॅलिपरला एक पिस्टन असतो आणि त्याला एमएस२८७७५-२१८ (एमएस म्हणजे इथे अमेरिकी लष्करी मानक) ही ओ-रिंग लागते. एएस५६८ या अमेरिकी मापात २१८ म्हणजे आतला व्यास १.२३४ इंच (३१.३४ मिमी) आणि जाडी ०.१३९ इंच (३.५३ मिमी). सीलच्या दुकानात ‘एएस५६८ दोनशे अठरा, नायट्राइल, ७० शोर’ (शोर हे कठीणपणाचं माप) असं मागितलं तर मिळते. गळती तपासायला, जुळवाजुळवीला ती उत्तम. उडायला मात्र सीलबंद पाकिटातली एमएस रिंग घाला. पाकिटावर रबर पक्कं केल्याची तिमाही छापलेली असते. नायट्राइलचं साठवणीतलं आयुष्य साधारण १५ वर्षं धरतात, पण ते अंधारात आणि थंडाव्यात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या पाकिटाला हा हिशेब लागू नाही. ब्रेक फार तापत असतील तर त्याच मापाची व्हिटॉन रिंग घेता येते, तिला लाल तेल चालतं आणि ती नायट्राइलपेक्षा जास्त उष्णता सोसते.

काय घेऊ नये, तर बोल्ट आणि फिटिंग. विमानांसाठीच्या एएन या अमेरिकी मानकातला एएन३ बोल्ट १०-३२ आट्याचा असतो, व्यास ०.१९० इंच, म्हणजे ४.८३ मिमी. एम५ त्या भोकात बसत नाही. भोक मोठं करून बसवण्याचा उद्योग मुळीच करू नका. एएन४ पाव इंची, ६.३५ मिमी, तिथे एम६ सैल खेळतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या खूण नसलेल्या बोल्टाची ताकद कुणालाच ठाऊक नसते. एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीची खूण असते आणि त्याची ताण-शक्ती किमान १,२५,००० पीएसआय असते.

फिटिंगमध्ये फसवणूक जास्त सूक्ष्म आहे. कॅलिपरच्या तोंडाला बहुधा एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकी पाइप मानकाचे) आटे असतात: इंचाला २७ आटे, ६० अंशांचा कोन. आपल्या बाजारात मिळतं ते एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइप मानक): २८ आटे, ५५ अंश. बीएसपीचं निपल एनपीटी भोकात दोन-तीन आटे सहज जातं आणि मग आवळल्यावर अडतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबली असं वाटतं, पण अ‍ॅल्युमिनियमचे आटे चिरडले गेलेले असतात आणि कॅलिपर बाद होतो. तसंच नळीच्या फ्लेअरचं. विमानात ३७ अंश, मोटारीत ४५ अंश. हे दोन एकमेकांवर बसल्यासारखे दिसतात, बसत नाहीत.

नळी तांब्याची असेल तर बदला, कंपनाने तांबं कडक होऊन चिरतं. पाव इंची, ०.०३५ इंच जाडीची ५०५२-ओ अ‍ॅल्युमिनियम नळी योग्य. जुन्या होमबिल्टमध्ये नायलॉनची नळी थेट कॅलिपरपर्यंत नेलेली दिसते. जोरदार ब्रेकनंतर कॅलिपरजवळ ती मऊ पडून फुटते. शेवटचा भाग धातूची नळी किंवा धातूची जाळी असलेला टेफ्लॉन होज हवा.

सोनेगाव विमानतळावर फ्लाइंग क्लब आहे, आणि प्रशिक्षणाच्या सेसना विमानांवर क्लीव्हलँडचे लायनिंग सर्रास लागतात. क्लबच्या मेंटेनन्सच्या लोकांना भेटून त्यांच्या पुढच्या मागणीत तुमचे नग जोडता येतात का, हे विचारा. पण काढून टाकलेले भाग घेऊ नका. बाद म्हणून टॅग लावलेली डिस्क भंगारातून आली तर ती बादच असते.

परदेशातून मागवताना

दोन ३०-९ ब्रेकसाठी किमान यादी अशी होते: ६६-१०५ लायनिंग ४ नग, रिव्हेट १०५-००२०० हे ८ लागतात पण १६ घ्या, कारण पहिला-दुसरा बसवताना वाकतोच. २१८ ओ-रिंग २ लागतात, ६ घ्या. मास्टर सिलिंडरच्या ओ-रिंगचे दोन पूर्ण संच. ब्लीडर (हवा काढण्याचं) निपल २, त्यांच्या टोप्या २. अ‍ॅक्सलच्या कॉटर पिना ६. लायनिंग रॅप्को कंपनीचंही चालतं, आकडा आरए६६-१०५. रिव्हेट बसवण्याचं छोटं हत्यार याच मागणीत घ्या, स्थानिक पर्याय नीट बसत नाही.

विक्रेता म्हणून एअरक्राफ्ट स्प्रूससारखी मोठी दुकानं सोयीची, कारण बोल्टपासून लायनिंगपर्यंत एकाच खोक्यात येतं आणि कुरिअरचं भाडं एकदाच पडतं. होमबिल्टवर कायद्याने प्रमाणित भाग सक्तीचे नसले तरी प्रमाणपत्रासह घेता येत असेल तर तसंच घ्या आणि ते विमानाच्या फाइलला लावा.

कस्टममध्ये अडकण्याचं कारण बहुतेक वेळा बिलावरचं वर्णन असतं. ‘ब्रेक पार्ट्स’ एवढंच लिहिलेलं असेल तर माल मोटारगाडीच्या भागांच्या ८७०८ या कस्टम कोडखाली किंवा वैयक्तिक आयातीच्या ९८०४ खाली टाकला जातो आणि कर वाढतो. विक्रेत्याला ऑर्डरसोबतच सांगा: प्रत्येक नगापुढे ‘विमानाच्या चाकाचा ब्रेक’ हे स्पष्ट लिहा आणि कोड द्या. विमानाच्या लँडिंग गिअरचे भाग ८८०७.२० मध्ये येतात. सुटं लायनिंग घर्षण-साहित्य म्हणून ६८१३ मध्ये आणि रबरी ओ-रिंग ४०१६.९३ मध्ये जाऊ शकते. पॅन, आधार आणि विमानाच्या नोंदणीची प्रत कुरिअरला आधीच मेल करून ठेवा. चालू दर मागवण्याआधी कस्टम ब्रोकरकडून लिहून घ्या. तेल या खोक्यात घालू नका, द्रव दिसला की कुरिअरवाले अख्खं पार्सल अडवतात. तेल देशातल्याच विमान-तेल वितरकाकडून घ्या.

बसवताना

जुना रिव्हेट ड्रिलने काढताना प्लेटचं भोक मोठं होतं, म्हणून पंचने मागून दाबून काढा. नवं लायनिंग प्लेटवर ठेवून रिव्हेट लायनिंगच्या बाजूने घाला आणि मागची शेपटी हत्याराने गोल वळवा. शेपटी फाटली तर रिव्हेट काढून दुसरा घाला. डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाच्या खाली बसलंच पाहिजे, नाहीतर ते डिस्क कापतं. ट्रकचे लायनर रिव्हेट करणारे कारागीर हात चांगला चालवतात, पण त्यांच्या जाड रिव्हेटसाठी ते भोक वाढवतील. प्लेट त्यांच्याकडे सोडून येऊ नका.

चाकाचे बोल्ट किती आवळायचे ते चाकावरच्या लेबलवर इंच-पाउंडात लिहिलेलं असतं. आपला टॉर्क रेंच न्यूटन-मीटरचा असेल तर त्या आकड्याला ८.८५ ने भागा. ९० इंच-पाउंड म्हणजे १०.२ न्यूटन-मीटर, एवढ्या छोट्या मापाचा रेंच लागतो. मोटारीच्या चाकाचा रेंच इथे चालत नाही.

कॅलिपर दुसरा बसवत असाल तर मास्टर सिलिंडर पुरतो का ते आधी काढा. समजा मास्टर १६ मिमी आणि कॅलिपरचा पिस्टन ३८ मिमी व्यासाचा आहे. क्षेत्रफळाचं प्रमाण ५.६ येतं, म्हणजे पिस्टन १ मिमी सरकवायला मास्टरचा दांडा ५.६ मिमी आत जावा लागतो. दोन्ही लायनिंग थोडी झिजल्यावरही पेडल फरशीला टेकत नाही ना, हे या हिशेबावरून कळतं.

तेल खालून वर भरा. कॅलिपरच्या ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तेलाच्या पिचकारीने हळू ढकला, वरच्या टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. हवा वर जाते, म्हणून वरून भरताना तिला खाली ढकलण्यात वेळ जातो. मग पेडल दोन मिनिटं जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून पाहा.

नागपूरच्या उन्हाळ्यात

विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर आहे आणि मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो. हवा विरळ झाल्याने एअरस्पीड इंडिकेटरवर तोच आकडा असताना जमिनीवरचा वेग प्रमाणित समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतो आणि ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे १५ टक्के. ६०० किलोच्या विमानाला ताशी ९० किमी वेगावरून थांबवताना, हवेचा विरोध सोडला तर, प्रत्येक चाकाकडे सुमारे ६९ हजार फूट-पाउंड येतात. उतरताना इंडिकेटरवर दिसणारा तोच वेग मे महिन्याच्या दुपारी ७९ हजारांवर नेतो. कॅलिपरच्या कंपनीने दिलेला ऊर्जेचा आकडा याच्याशी ताडून पाहा आणि उन्हाळ्याचा आकडा धरूनच निवडा. तिथली धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, तेव्हा हलक्या विमानाला टचडाउननंतर लगेच जोराचा ब्रेक लावण्याची गरज नसते.

उन्हात उभं करताना पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका. कोंडलेलं तेल तापून फुगतं, दाब वाढतो आणि जुन्या ओ-रिंग तिथेच गळू लागतात. चाकाला लाकडी अडणी लावा. मास्टर सिलिंडरच्या टोपीचं हवेचं भोक धुळीने बुजलं असेल तरी हाच परिणाम होतो, ते बारीक तारेने मोकळं करा.

नवं ऑर्गॅनिक लायनिंग लगेच पूर्ण पकड देत नाही. इंजिन सुमारे १,७०० आरपीएमवर ठेवून ब्रेक धरत ताशी ८ ते १६ किमी वेगाने साधारण ४५० मीटर टॅक्सी करा, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्या. यामुळे लायनिंगमधलं राळ पक्कं होतं आणि त्यावर गुळगुळीत थर तयार होतो. इंजिनानुसार आरपीएम बदलेल, वेग आणि अंतर सांभाळा. थंड झाल्यावर ब्रेक धरून इंजिन जोरात चालवा. नेहमीच्या जोराने पेडल दाबून विमान जागचं हललं नाही तर काम झालं. हललं, तर हीच कृती पुन्हा करा. तरीही फरक पडला नाही तर चाक काढून लायनिंगवर तेल किंवा ग्रीस आलं आहे का ते पाहा, बहुतेक वेळा बेअरिंगमध्ये जास्त भरलेलं ग्रीसच तिथवर आलेलं असतं.